होईल हो सगळं नीट! : अवास्तव आशावादाचं मानसशास्त्र आणि त्याचे सापळे



ऐन पावसाळ्यात मालाडमध्ये व्याख्यान ठेवायचं आणि विषय द्यायचा 'अवास्तव आशावाद', याला आयोजकांचा विनोद म्हणावं की आयोजकांचाच अवास्तव आशावाद, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. (हशा) सबवेत आज पाणी नाही, त्यामुळे पूर्वेची मंडळीही वेळेवर पोचलेली दिसतायत. बरं वाटलं.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. आम्ही आशेच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. आम्ही पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. दर जूनमध्ये 'या वर्षी तरी तत्त्वज्ञानाला दहा मुलं येतील' असं म्हणत वर्गाची वाट धरणारा माणूस निराशावादी असणं शक्यच नाही. आमची तक्रार आशेच्या एका नकलेविषयी आहे. आशेसारखेच कपडे घालून ती घरात येते, पाहुणचार घेते, आणि जाताना घरातलं काहीतरी घेऊन जाते. तिची आज चिकित्सा करायची आहे. 'चिकित्सा' शब्दाचे दोन्ही अर्थ इथे चालतील: परीक्षण आणि औषधोपचार.

अवास्तव म्हणजे नेमकं काय?

एखाद्याने चांगलं होण्याची अपेक्षा केली, एवढ्याने तो अवास्तव ठरत नाही. मग अवास्तव कधी म्हणायचं? नील वाइनस्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० साली या प्रश्नाला एक नामी युक्ती लावली. त्याने २५८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे आयुष्यात घडू शकतील अशा ४२ गोष्टी ठेवल्या. चांगल्याही, वाईटही. मनासारखी नोकरी, स्वतःचं घर. तसंच हृदयविकार, घटस्फोट, नोकरी जाणं. प्रश्न एकच: तुमच्याच वर्गातल्या इतर मुलांच्या तुलनेत, हे तुमच्या बाबतीत घडण्याची शक्यता किती जास्त किंवा किती कमी?

आता यातली मेख बघा. एखादा मुलगा म्हणाला, 'मला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा कमी आहे,' तर तो चूक आहे असं आपण म्हणू शकत नाही. कदाचित तो रोज सकाळी पळत असेल. पण वर्गातल्या सगळ्यांची उत्तरं एकत्र केली, तर जास्त म्हणणारे आणि कमी म्हणणारे एकमेकांना तोलून धरायला हवेत. तसं झालं नाही. चांगल्या गोष्टींत पारडं 'मला जास्त' कडे झुकलं, वाईट गोष्टींत 'मला कमी' कडे. चूक कुणा एकाच्या अंगावर दाखवता येत नाही, पण वर्गात चूक आहे. या विकाराचा हा पहिला स्वभाव लक्षात ठेवा: तो आरशात दिसत नाही, गर्दीत दिसतो.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ साली हॅरिस आणि हान या दोन संशोधकांनी या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतला. संकटं बहुधा दुर्मीळ असतात. आजार शंभरातल्या पाचांनाच होणार असेल, तर उरलेल्या पंचाण्णवांचा धोका सरासरीपेक्षा खरोखरच कमी असू शकतो. म्हणजे पारडं झुकलेलं दिसतं त्याचा काही भाग मनाचा नसून निव्वळ गणिताचा असेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून आपण असा पुरावा घेऊ, जिथे ही पळवाट नाही. जिथे माणूस तारीख सांगतो आणि नंतर कॅलेंडर साक्ष देतं.

कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेला ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा अभ्यास आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, 'किती दिवसांत पुरा होईल?' सरासरी उत्तर आलं, ३४ दिवस. मग विचारलं, 'समजा, सगळं बिनसेल तेवढं बिनसलं, तर?' उत्तर आलं, साधारण ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५! म्हणजे, मंडळी, आमची 'वाईटात वाईट' कल्पनासुद्धा आशावादीच निघाली. आमच्या हाताखाली ज्यांनी पीएचडी केली ते विद्यार्थी समोर बसलेत, त्यांच्याकडे आम्ही बघत नाही. (हशा)

मोठ्या कामांचंही तेच. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ साली पुरं व्हायचं होतं, झालं १९७३ला. खर्चाचा अंदाज ७० लाख डॉलरचा होता, लागले १० कोटींवर. इतकं लांब कशाला, आपला वांद्रे-वरळी सागरी सेतू घ्या. पाच वर्षं उशिरा, ३० जून २००९ला त्याचं उद्घाटन झालं आणि खर्च दुपटीच्या वर गेला. यात भ्रष्टाचार असेल, कोर्टकचेऱ्या असतील, सगळं असेल. पण पहिला अंदाज कागदावर लिहिताना हात कुठल्या बाजूला वळतो, ते बघा. तो कधीच 'लवकर होईल, स्वस्तात होईल' च्या उलट वळत नाही.

आमची स्वतःची गोष्ट

आता इथवर आम्ही पुस्तकातलं बोललो. पण आजचा विषय आम्ही का घेतला, ते सांगायला हवं. नाहीतर ही व्याख्यानमाला ऐकणारी मंडळी म्हणतील, प्रोफेसर लोकांना शहाणपण शिकवतायत. प्रोफेसर स्वतः या वर्गात नापास झालेले आहेत.

मालाड पश्चिमेला आमची १९७४ सालची इमारत. तीन मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं, गच्चीला गळती, जिन्याच्या सळया बाहेर आलेल्या. २०१०मध्ये रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला. बिल्डरचं नाव घेणार नाही, त्याची गरजही नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात आत्ता एकेक नाव आलेलंच असेल, आणि प्रत्येकाचं वेगळं असेल. वचन होतं तीस महिन्यांचं. वाढीव क्षेत्रफळ, कॉर्पस, दर महिन्याचं भाडं, लिफ्ट, पार्किंग. लॅमिनेट केलेलं रंगीत चित्र. त्या चित्रात आकाश निळं होतं आणि बाल्कनीत उभी असलेली माणसं आमच्यापेक्षा बरीच तरुण होती.

सर्वसाधारण सभा भरली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. एक, भाडं मधेच थांबलं तर? दोन, बँक गॅरंटी किती? तीन, याच बिल्डरच्या आधीच्या इमारतींमधले लोक ठरल्यापेक्षा किती उशिरा राहायला गेले? तिन्ही प्रश्न साधे. दुसऱ्या प्रश्नाला तर कायद्याचा आधार होता: सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ला शासनाचे निर्देश निघाले होते, आणि प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी घ्यावी असं त्यात होतं.

त्यांना उत्तर द्यायला कोण उठलं? आम्ही उठलो. वक्तृत्वाचा व्यवसाय ना! आम्ही दहा मिनिटं बोललो. संशयाने संसार होत नाही, प्रत्येक नव्या गोष्टीला धाडस लागतं, जुन्या भिंतींना चिकटून बसलो तर मुलं आपल्याला दोष देतील, असं सगळं. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी त्या गृहस्थांना म्हणालं, 'शुभ बोल नाऱ्या!' सगळे हसले. आम्हीही हसलो. बँक गॅरंटी 'नंतर बघू' मध्ये गेली.

२०१२ला आम्ही घरं रिकामी केली. तिसऱ्या वर्षी भाडं थांबलं. सातव्या स्लॅबवर काम थांबलं. ज्यांची मुलं कमावती होती त्यांनी इथेच मालाड-कांदिवलीला भाडं स्वतःच्या खिशातून भरलं. ज्यांची नव्हती ते नालासोपारा, विरार करत लांब लांब गेले. मग दुसरा बिल्डर, नवे करार, नव्या सभा. चाव्या मिळाल्या २०२१ साली. तीस महिन्यांची नऊ वर्षं झाली. अठ्ठावीस घरांतली पाच ज्येष्ठ माणसं दरम्यान भाड्याच्या घरांत गेली. त्यांत ते बँकेतले गृहस्थ होते. त्यांची चावी त्यांच्या पत्नीने घेतली. आम्ही शेजारीच उभे होतो. पूर्वी त्या आमच्या घरी हळदीकुंकवाला यायच्या, नेहमी दोन शब्द बोलायच्या. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. वहीत सही केली आणि लिफ्टकडे गेल्या.

आम्हाला पुष्कळजण सांगतात, 'सर, दोष बिल्डरचा.' तो आहेच. पण आम्ही दहा मिनिटं जे बोललो, ते बिल्डर बोलला नव्हता.

आतली नजर, बाहेरची नजर

या अनुभवानंतर आम्ही डॅनिएल कानमनचं पुस्तक पुन्हा वाचलं. तो नियोजनाच्या या चुकीवर आणि त्याचा मित्र आमोस ट्वेर्स्कीबरोबर १९७० च्या दशकापासून काम करत होता. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस स्वतःचीच फजिती सांगतो. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक अभ्यासक्रम तयार करायला मंडळी जमली होती. प्रत्येकाने कागदावर अंदाज लिहिला: साधारण दोन वर्षं. मग कानमनने त्यांच्यातल्याच एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञाला विचारलं, 'असे दुसरे गट तुम्ही पाहिलेत. त्यांना किती लागली?' तो गृहस्थ जरा गोंधळला आणि म्हणाला, 'सुमारे चाळीस टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही. ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली.' आणि गंमत म्हणजे याच गृहस्थाने पाच मिनिटांपूर्वी कागदावर दोनच वर्षं लिहिली होती! माहिती त्याच्या डोक्यात होती, अंदाजात उतरली नव्हती. मंडळींनी ते ऐकलं, आणि काम तसंच चालू ठेवलं. एकूण आठ वर्षं लागली. तोवर अभ्यासक्रम हवा असणाऱ्यांचा उत्साहही संपला होता.

कानमन याला आतली नजर आणि बाहेरची नजर म्हणतो. आतल्या नजरेला आपली योजना दिसते: आपली माणसं, आपला उत्साह, आपलं वेळापत्रक. बाहेरची नजर विचारते, असल्या दहा योजनांचं काय झालं? आमच्या सभेत त्या गृहस्थांचा तिसरा प्रश्न हा बाहेरच्या नजरेचा प्रश्न होता. एस. व्ही. रोडवरून गोरेगावपासून कांदिवलीपर्यंत एक चक्कर मारली असती, अर्धवट उभे सांगाडे मोजले असते, तरी उत्तर मिळालं असतं. चक्कर कुणी मारली नाही. कारण प्रत्येक सांगाड्याकडे बघून आम्ही म्हणत होतो, 'त्यांचं वेगळं होतं.' मंडळी, 'त्यांचं वेगळं होतं' हे चार शब्द... चार नाही, तीनच. बघा, मोजण्यातसुद्धा आम्ही एक जास्त धरला. (हशा) हे तीन शब्द कुठे ऐकू आले की सावध व्हा.

'वास्तू तथास्तु म्हणते'

आता जरा आपल्या घरात डोकावू. हा विकार साऱ्या जगात आहे, पण प्रत्येक समाज त्याला आपापलं अन्न घालतो. आपण काय घालतो?

लहानपणी आपल्याला शिकवलं जातं, घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. संस्कार म्हणून याला एक सुंदर बाजू आहे. उठसूट शिव्याशाप देणाऱ्या तोंडाला यामुळे लगाम बसतो. पण याचा दुसरा परिणाम बघा. वडिलांपुढे मृत्युपत्राचा विषय काढायचा? अभद्र. नवऱ्याच्या विम्याचं बोलायचं? अभद्र. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊ म्हटलं तर, 'अहो, पडायची कशाला ती? चाळीस वर्षं उभी आहे ना!' वाईट शक्यतेचा उच्चार हाच वाईट गोष्टीचं कारण समजला जातो. मग शक्यता सांगणारा माणूस गुन्हेगार ठरतो. 'शुभ बोल नाऱ्या' या म्हणीत आपण नाऱ्याला हसतो. पण तो म्हणत होता की मांडवाला आग लागली. मांडवाला खरंच आग लागली होती का, हे त्या म्हणीत कुणीच विचारत नाही!

आणि याच परंपरेत दुसरा, फार शहाणा सूर आहे, हे विसरू नका. पतंजलीच्या योगसूत्रांत असा विचार आहे की जे दुःख अजून आलेलं नाही, तेच टाळता येण्याजोगं असतं. गेलेलं भोगून झालं, चालू आहे ते भोगतोच आहोत. टाळायचं ते पुढचं. पण पुढचं टाळायचं तर आधी त्याच्याकडे बघावं लागेल की नाही? बुद्धाच्या चार आर्यसत्यांची मांडणी वैद्याच्या पद्धतीची आहे: आधी रोग मान्य करा, मग कारण, मग तो बरा होऊ शकतो ही खात्री, मग मार्ग. 'बरा होऊ शकतो' ही आशा तिसऱ्या क्रमांकावर येते. पहिल्यावर नाही.

पुस्तकांच्या गाड्यावर

स्टेशनबाहेर पुस्तकांची गाडी लागते तिथे उभे राहा. सकारात्मक विचारांची पुस्तकं किती आहेत मोजा. या पंथाचा एक मोठा ग्रंथ नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचा, १९५२ सालचा. अलीकडचा गाजलेला अवतार म्हणजे ऱ्होंडा बर्न यांचं २००६चं 'द सीक्रेट'. त्याचा गाभा असा: तुम्ही ज्याचा विचार करता तेच विश्व तुमच्याकडे पाठवतं. आकर्षणाचा नियम.

वाचणाऱ्यांना आम्ही हसत नाही. दमलेला माणूस सात वीसची लोकल पकडून आला आहे, त्याला कुणीतरी 'तुझं चांगलं होणार' असं सांगितलं, तर त्यात काय वाईट? आमचा आक्षेप तर्काचा आहे आणि त्यानंतर नीतीचा आहे. तर्काचा असा: हा 'नियम' कधी खोटा ठरूच शकत नाही. यश आलं, तर नियम खरा. अपयश आलं, तर तुमची श्रद्धा कमी पडली. जे विधान कुठल्याच परिस्थितीत खोटं पडत नाही ते जगाविषयी काही सांगतच नाही, हे कार्ल पॉपरने आम्हाला शिकवलं. नीतीचा आक्षेप त्याहून मोठा. या हिशेबात कर्करोग झालेल्या बाईला आजार तर मिळतोच, वर 'तू नकारात्मक विचार केलास' हा आरोपही मिळतो. बार्बरा एरेनराइख या अमेरिकन लेखिकेला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा हसतमुख राहण्याची तिच्यावर झालेली सक्ती तिने २००९च्या आपल्या पुस्तकात मांडली आहे. जरूर वाचा.

बरं, गोड कल्पना करून निदान फायदा तरी होतो का? गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, १९९१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, 'मला हे जमेल' असा अंदाज. दुसरी, बारीक झाल्यावरची रंगवलेली दिवास्वप्नं. ज्यांचा अंदाज चांगला होता त्यांचं वजन जास्त उतरलं. पण ज्यांची स्वप्नं गोड होती त्यांचं कमी उतरलं! दिवास्वप्नात मन लाडू खाऊन मोकळं झालेलं असतं, मग पायांना चालायचं कारण उरत नाही. आपल्याकडे याला मनोराज्य म्हणतात. मनोराज्यात राजा होणं सोपं, कारण तिथे प्रजा नसते.

डोंगरावरची उडी आणि सबवेतलं पाणी

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू या. पूर्वपक्ष दुबळा करून खंडन करणं हा आपल्या परंपरेत दोष मानतात.

विल्यम जेम्स एका निबंधात गिर्यारोहकाचं उदाहरण देतो. तुम्ही डोंगरावर अडकला आहात, सुटकेसाठी एकच मार्ग, समोरच्या कड्यावर उडी. तुम्हाला विश्वास असेल की जमेल, तर पाय घट्ट पडतील, जमेल. शंका घेत राहिलात, तर पाय लटपटतील आणि कोसळाल. इथे विश्वास आधी येतो आणि वस्तुस्थिती नंतर. १९८८ साली टेलर आणि ब्राउन यांनीही मांडलं की स्वतःविषयी थोडे गोड भ्रम असणं हे निरोगी मनाचंच लक्षण आहे. उलट १९७९च्या एका प्रयोगात खिन्न विद्यार्थ्यांचे अंदाज अधिक अचूक आले होते. त्या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले, पण प्रश्न राहतोच. भ्रमाने माणूस उभा राहत असेल, तर सत्याचा एवढा आग्रह कशाला?

आमचं उत्तर असं. जेम्सचा गिर्यारोहक उडी मारतो तेव्हा फलित त्याच्या पायांवर अवलंबून आहे, आणि पाय त्याच्या मनावर. तिथे विश्वास हे एक साधन आहे. पण दरी किती रुंद आहे? ती त्याच्या विश्वासाने एक इंचही अरुंद होत नाही. रुंदी आधी नीट डोळ्यांनी मोजावी लागते, उडी मग विश्वासाने मारावी लागते. अवास्तव आशावाद ही दोन कामं एकमेकांत मिसळतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा आत्मविश्वास परीक्षेवर परिणाम करतो. आमच्या सभेतल्या टाळ्यांचा बिल्डरच्या बँक खात्यावर काय परिणाम होणार होता? शून्य. म्हणून कसोटी एकच लावा: आपल्या विश्वासाने ही गोष्ट हलणार आहे का? हलणार असेल, तर विश्वास ठेवा. हलणार नसेल, तर मोजा.

आणि आता मालाडच्या माणसांना विसरता येणार नाही अशी एक रात्र. १ जुलै २०१९ची रात्र, २ जुलैची पहाट. सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्या रात्री आपल्या या मालाड सबवेच्या पाण्यात एक गाडी अडकली आणि आतल्या दोघांचा जीव गेला. त्यांच्या मनात काय होतं, आम्हाला माहीत नाही. त्यांच्यावर निवाडा करण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तुम्ही-आम्ही गुडघाभर पाणी बघून किती वेळा म्हटलंय, 'निघेल गाडी'? दरवेळी निघाली, आणि दरवेळच्या निघण्याने आपला अंदाज थोडा जास्त चुकीचा झाला. वाचलेल्या प्रत्येक खेपेला आपण पुरावा समजतो. ती फक्त खेप असते.

त्याच रात्री, याच मालाडमध्ये, पूर्वेला कुरारच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर कोसळली. तीसच्या घरात माणसं गेली. काही लोक म्हणाले, 'भिंतीखाली राहायचं कशाला? धोका कळत नव्हता?' मंडळी, इथे फार जपून बोलायला हवं. त्या वस्तीतली बरीच कुटुंबं वर्षानुवर्षं पुनर्वसनाची वाट बघत होती. ज्याला दुसरं घर परवडत नाही त्याच्या राहण्याला आशावाद म्हणणं, ही आपल्यासारख्यांची चैन आहे. ती निवड नव्हतीच. अवास्तव आशावाद होता तो दुसरीकडे: 'भिंत पाणी पेलेल', 'पुनर्वसन यंदा नाही तर पुढल्या वर्षी', 'इतका पाऊस कशाला पडतोय', असं जिथे टेबलावर धरून चाललं जातं तिथे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडून गेला होता. 'इतका कशाला पडतोय' म्हणायची सोय त्या दिवशीच संपली होती.

म्हणून मानसशास्त्राने न विचारलेला प्रश्न तत्त्वज्ञानाने विचारायला हवा: आशावाद कुणाचा आणि किंमत कुणी मोजली? स्वतःच्या पैशाने स्वतःच्या स्वप्नाचा जुगार खेळणारा माणूस वेगळा. दुसऱ्याच्या छपरावर आपली आशा उभी करणारा वेगळा. आमच्या सभेत आम्ही दुसऱ्या जातीत होतो. आम्हाला पेन्शन होती. भाडं थांबल्यावर आम्ही पश्चिमेलाच राहिलो.

मग आशा ठेवायची कशी?

आमचा आदर्श सांगतो. र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ला 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. प्राध्यापकी गमवावी लागली, खटले झाले, मासिक तोट्यात चाललं. १९५३ला मरेपर्यंत त्यांनी ते चालवलं. त्यांना वाटत होतं का, की पुढच्या वर्षी समाज बदलेल? हा माणूस हिशेबाचा पक्का होता. वर्गणीदार किती आणि विरोधक किती, हे त्यांना रोज दिसत होतं. यशाची शक्यता त्यांनी कधी फुगवली नाही. काम योग्य आहे म्हणून केलं. आशावाद म्हणतो, 'नक्की होणार.' आशा म्हणते, 'होईल की नाही माहीत नाही, पण होण्याजोगं आहे, आणि माझ्या वाट्याचं मी करतो.' पहिल्याला वाईट बातमी सोसत नाही. दुसरी वाईट बातमी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून जेवते.

व्यवहारात काय करायचं? आम्ही आता तीन गोष्टी पाळतो. पहिली: कुठलाही अंदाज करताना अशाच दहा जणांचं काय झालं ते आधी विचारायचं, स्वतःची योजना नंतर मांडायची. दुसरी: सभेत एका माणसाला मुद्दाम नाऱ्याचं काम द्यायचं. त्याने अशुभ बोलायचं, इतिवृत्तात ते लिहायचं, आणि उत्तर मिळाल्याखेरीज ठराव मताला टाकायचा नाही. तिसरी: किंमत ज्याला मोजावी लागणार आहे, त्याला आधी बोलू द्यायचं. ज्याची पेन्शन पक्की आहे त्याने शेवटी बोलावं. शक्यतो कमी बोलावं.

हे शेवटचं आम्हाला अजून जमत नाही, हे घड्याळ सांगतंय. (हशा)

एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

श्रोत्यांमधून (एक तरुणी): सर, आमच्या बिल्डिंगची पुढच्या रविवारी रीडेव्हलपमेंटचीच सभा आहे. इमारत धोकादायक आहे, तिथे राहणंही शक्य नाही. तुम्ही म्हणता तसे प्रश्न विचारत बसलो तर काहीच होणार नाही, असं आई-बाबा म्हणतात. मग आम्ही 'नाही' म्हणायचं का?

बाळ, 'नाही' म्हणायला कोण सांगतंय? मोडक्या इमारतीत राहून 'काही होणार नाही' म्हणणं हासुद्धा अवास्तव आशावादच आहे. मालवणीत ९ जून २०२१च्या रात्री इमारत कोसळली, मृतांत बहुतेक लहान मुलं होती. तेव्हा जुनी इमारत सोडावीच लागेल. पण 'हो' म्हणताना बँक गॅरंटीचा आकडा ठरावात लिहून घ्या. जुलै २०१९मध्ये शासनाने पुनर्विकासाचे सुधारित निर्देश काढलेत, ते वाचा. २०१७पासून महारेरा आहे, त्यांच्या संकेतस्थळावर त्या बिल्डरचे आधीचे प्रकल्प बघा: दिलेली तारीख कोणती, वाढवलेली कोणती. आणि शक्य झालं तर त्या इमारतींत जाऊन दोन घरांत चहा प्या. लोक सगळं सांगतात.

आणि एक करा. सभेत कुणी वृद्ध गृहस्थ कंटाळवाणे प्रश्न विचारायला उभे राहिले, आणि मागून कुणी हसलं, तर त्यांच्यासाठी एक खुर्ची पुढे आणून द्या. त्यांना बसून बोलू द्या.

थांबतो. पाऊस वाढलेला दिसतोय. पूर्वेला जाणाऱ्यांनी सबवेत पाणी आहे का, ते आधी फोन करून विचारा.

नमस्कार.